पाय रुळावर गेला, संघ रेल्वेने काढावा

मुंबईच्या फुटबॉलमध्ये रेल्वे जुनीजाणती. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वेचे संघ इथल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळत आलेत. साठच्या दशकात रेल्वेच्या संघाने संतोष ट्रॉफी तीन वेळा जिंकली. परळला मध्य रेल्वेचं मैदान आहे, महालक्ष्मीला पश्चिम रेल्वेचं. खेळाडूला नोकरी द्यायची, सरावासाठी ड्युटीतून मोकळीक द्यायची, ही रीत या खात्यात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. रेल्वेचं क्रीडा मंडळच 1928 सालचं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि पदक मिळताच त्याला बढती मिळाली. खेळाडू कसा सांभाळायचा, हे रेल्वेला कोणी शिकवायची गरज नाही.

याच रेल्वेच्या मुंबईतल्या उपनगरी मार्गांवर 2023 या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसं मेली. दोन हजारांहून जास्त जखमी झाली. मेलेल्यांची बातमी होते, निदान आकडा तरी छापून येतो. ‘जखमी’ हा मात्र एकच रकाना. ज्याच्या कपाळाला चार टाके पडले तोही त्यात, आणि ज्याचा पाय मांडीपासून काढावा लागला तोही त्यातच. टाके पडलेला महिन्याभरात पुन्हा आपली नेहमीची लोकल पकडतो. दुसऱ्याचं पुढे काय झालं, हे विचारायची सोय त्या रकान्यात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: ॲम्प्युटी फुटबॉलची, म्हणजे पाय किंवा हात गमावलेल्यांच्या फुटबॉलची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईत भरवावी, आणि तिची पहिली जबाबदारी रेल्वेने उचलावी. मैदान भाड्याने देऊन आणि उद्घाटनाला साहेबांना बसवून ती जबाबदारी संपणार नाही. रेल्वेने स्वतःचा संघ काढावा, पाय गेलेल्या मुलांना त्या संघासाठी नोकरीत घ्यावं, आणि स्पर्धेच्या आधी निदान दोन मोसम त्यांची लीग चालवावी. पाहुणे संघ नंतर येऊ देत.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मैदान साधारण साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद. संघात सात जण. सहा जण एका पायाचे, दोन्ही हातांत कोपराखाली पकड असलेल्या कुबड्या. सातवा गोलकीपर. त्याला पाय दोन्ही, पण हात एकच, आणि त्याने आपला डी, म्हणजे गोलसमोरची आखलेली जागा, सोडायची नाही. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. ऑफसाइड नाही. कृत्रिम पाय बाहेर काढून ठेवूनच मैदानात उतरायचं. कुबडीने चेंडू मुद्दाम अडवला तर तो हँडबॉल. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाने चेंडू खेळवला तर तोही हँडबॉलच. कुबडी दुसऱ्याच्या अंगावर उगारली तर मैदानाबाहेर जायची पाळी.

धावणाऱ्याकडे नीट पाहावं. दोन्ही कुबड्या एकदम पुढे टेकतात, सगळा भार तळहातांवर आणि मनगटांवर येतो, अंग त्या दोन कुबड्यांच्या मधून झोक्यासारखं पुढे जातं, पाय टेकतो न टेकतो तोच कुबड्या पुन्हा पुढे. किक मारायची वेळ आली की तो एकुलता पाय जमिनीवरून उचलावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ माणूस फक्त हातांवर उभा असतो. कुबड्या कुठे रोवल्या यावर सगळं अवलंबून. फार जवळ रोवल्या तर पाय फिरवायला जागा उरत नाही, फार लांब रोवल्या तर तोल जातो. हे गणित पळता पळता, समोरून बचावपटू अंगावर येत असताना मांडायचं असतं. कुबडीच्या टोकाला रबरी बूच असतं. ओल्या टर्फवर ते सरकतं, घासून गुळगुळीत झालं की बदलावं लागतं. सामना संपल्यावर मांडीपेक्षा खांदे जास्त दुखतात आणि तळहातांना घट्टे पडतात. पोलंडच्या मार्चिन ओलेक्सीने अशाच कुबड्यांवर तोल धरून हवेत अंग झोकून मारलेल्या गोलला फिफाचा 2022 सालचा पुश्काश पुरस्कार मिळाला. वर्षभरातल्या सर्वांत देखण्या गोलसाठीचा हा पुरस्कार, आणि शेवटच्या तिघांत त्याच्यासोबत पायेत आणि रिशार्लिसन ही नावं होती. ओलेक्सीचा पाय रस्त्याच्या कामावर असताना झालेल्या अपघातात गेला होता.

कृत्रिम पाय काढून ठेवण्याचा नियम मला या खेळातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. लाखोंचा कार्बन फायबरचा पाय ज्याला परवडतो तो, आणि संस्थेकडून फुकट जयपूर फूट मिळालेला, दोघेही मैदानात सारखेच. ब्लेड लावून धावण्याच्या शर्यतीत पैशाला जे महत्त्व येतं ते इथे येत नाही. कुबड्यांची एक जोडी, एक बूट आणि चेंडू. आपल्याकडे लोकलच्या दारात लटकणारा माणूस बहुतेक करून पगारावर घर चालवणारा असतो. त्याच्या खिशाला झेपेल असा हा खेळ आहे.

खेळाचा जन्म अमेरिकेतल्या सिॲटलचा, ऐंशीच्या दशकातला. डॉन बेनेट नावाच्या, एक पाय नसताना 1982 साली माउंट रेनियर चढून गेलेल्या माणसाने तो सुरू केला. पण तो वाढला दुसरीकडे. सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 यादवी चालली, बंडखोरांनी लोकांचे हातपाय तोडले, आणि फ्रीटाउनमध्ये त्याच लोकांनी संघ उभे केले. अंगोलात सत्तावीस वर्षांच्या यादवीने जमिनीत सुरुंग पेरून ठेवले. त्या देशाने 2018 साली मेक्सिकोत विश्वचषक जिंकला. हैतीत 2010 च्या भूकंपात असंख्य लोकांचे हातपाय ढिगाऱ्याखाली गेले. बारा वर्षांनी हैतीचा संघ इस्तंबूलच्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोचला. तुर्कस्तानच्या संघात सुरुंगावर पाय पडलेले सैनिक होते. 2017 साली इस्तंबूलला युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना इंग्लंडविरुद्ध झाला, स्टेडियममध्ये चाळीस हजारांवर लोक, आणि शेवटच्या क्षणी विजयी गोल केला तो कर्णधार ओस्मान चाकमाकने. तोही सैन्यातलाच, सुरुंगात पाय गेलेला. पाच वर्षांनी तुर्कस्तानने घरच्याच मैदानावर अंगोलाला 4-1 असं हरवून विश्वचषक घेतला. त्या स्पर्धेत चोवीस देश होते. भारत त्यांत नव्हता.

प्रत्येक देशाने आपली जखम ओळखली आणि खेळाचा भार तिच्याशी संबंध असलेल्यांवर टाकला. तुर्कस्तानात सैन्य मागे उभं राहिलं, कारण पाय सैन्याच्या कामात गेले होते. मुंबईची जखम कोणती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, काही जागीच गेले. त्याआधी 2014 साली घाटकोपरला प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मधल्या फटीत पडून एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले, आणि मग प्लॅटफॉर्मची उंची वाढवायला गती आली. जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रवाशांना गुरांसारखं नेलं जातं याची लाज वाटते, अशा शब्दांत रेल्वेला सुनावलं. इथे दरवर्षी हातपाय जातात, आणि त्यासाठी युद्ध लागत नाही, भूकंप लागत नाही. सकाळची गर्दी पुरते.

मधुमेहाने पाय जाणारेही या शहरात पुष्कळ आहेत, रस्त्यावरच्या अपघातांतलेही. मानसी जोशीचा पाय 2011 साली मुंबईच्या रस्त्यावर ट्रकच्या चाकाखाली गेला आणि 2019 साली ती पॅराबॅडमिंटनची जगज्जेती झाली. खेळ त्या सगळ्यांसाठी असेल. जबाबदारीचा प्रश्न आला की मात्र मी रेल्वेकडेच बोट दाखवीन.

ओळखीतला एक मुलगा आहे, टिटवाळ्याचा. कामावर जाताना दारातून पडला, डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याला भेटायला वॉर्डात गेलो तेव्हा त्याला घरी सोडायची तयारी चालली होती. सिस्टर त्याच्या आईला आठच्या आकड्यात बँडेज कसं गुंडाळायचं ते दाखवत होत्या, म्हणजे सूज उतरेल आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसेल. आई दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. मुलगा वॉर्डबॉयला विचारत होता, “मामा, कुबड्या इथेच मिळतील का?” मामा म्हणाले, “गेटबाहेर मेडिकलमध्ये मिळतात. काखेतल्या घेऊ नको, हाताला मुंग्या येतात.” एवढ्यात फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. त्याने त्यांना विचारलं, “मॅडम, पळता कधी येईल?” त्या समजुतीने म्हणाल्या, “आधी उभा तर राहा, मग पाय बसवू, मग बघू.” डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, ड्रेसिंगच्या तारखा होत्या, कृत्रिम पायासाठी कुठे जायचं ते होतं.

मॅडमचं उत्तर वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होतं. पण त्या मुलाच्या प्रश्नाला दुसरंही उत्तर जगात आहे, आणि ते त्या वॉर्डात कोणाकडे नव्हतं. जखम भरली की, कृत्रिम पायाचं माप घ्यायच्याही आधी, पळता येतं. फुटबॉलमागे पळता येतं. पळणारे लोक आहेत, त्यांचा विश्वचषक होतो. हे त्या कार्डावर एका ओळीत लिहिता आलं असतं: अमुक वारी, अमुक मैदानावर, अमुक वाजता. ती ओळ लिहायची तर तसं मैदान आणि तशी वेळ शहरात असायला हवी. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे, तिथे समांतर दांड्यांच्या मधून, समोरच्या आरशात बघत माणसं पुन्हा चालायला शिकतात. त्या दांड्या संपतात तिथून पुढे दिवसाचे तास कसे घालवायचे, हे माणसावर सोडून दिलेलं असतं. बहुतेकांचं उत्तर घर, टीव्ही आणि मोबाइल हेच ठरतं, आणि वर्षभरात घरच्यांनाही त्याची सवय होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: आधी गाड्या सुरक्षित करा, मग खेळाचं बघा. हा आक्षेप मला मनापासून पटतो, आणि तरीही तो इथे लागू पडत नाही. दारं आपोआप बंद होणाऱ्या लोकल याव्यात, फेऱ्या वाढाव्यात, फटी बुजाव्यात. यासाठी जे भांडतायत त्यांच्या बाजूने मी आहे. स्वतःचे दोन्ही पाय 1989 साली रेल्वे अपघातात गमावलेले समीर झवेरी वर्षानुवर्षं न्यायालयात जात राहिले, तेव्हा कुठे स्टेशनांवर जखमींसाठी वैद्यकीय कक्ष आणि रुग्णवाहिका यांचा विषय हलला. पण उद्या सगळ्या लोकलना बंद दारं बसली तरी ज्याचा पाय गेला त्याचा परत येणार नाही. तो पंचविशीत असेल तर त्याच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं आहेत. त्याला थांबायला सांगण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप: त्याला नोकरी द्या, भरपाई द्या, खेळ काय कामाचा? म्हणून तर मी रेल्वेचं नाव घेतो. भरपाईची व्यवस्था आज आहे. गाडीतून पडून जखमी झालेल्याला रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं, मृत्यूसाठी 8 लाख रुपये मिळतात, अवयव गेल्यास त्या प्रमाणात. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला मात्र या व्यवस्थेत बसत नाही, त्याची चूक त्याच्याच माथी. पूल लांब आहे, जिना बंद आहे, फाटक तासभर उघडत नाही, हे कोणी मोजत नाही. ज्याला भरपाई मिळते त्यालाही ती एकदाच मिळते. पगार दर महिन्याला मिळतो. सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी 4 टक्के जागा 2016 च्या कायद्याने राखीव आहेत आणि रेल्वेत क्रीडा कोट्यातून भरती होतच असते. या दोन्ही वाटा एकत्र आणल्या तर नोकरी आणि खेळ वेगळे काढावेच लागणार नाहीत. त्याच कायद्याचं तिसावं कलम अपंगांच्या क्रीडा-सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकतं. आपल्याकडे आरक्षणाचं कलम सगळ्यांना पाठ असतं, हे फारसं कोणी वाचत नाही.

अडचण खरी आहे ती वेगळीच. हा खेळ पॅरालिंपिकमध्ये नाही. आपल्याकडे पैसा पदकाच्या मागे जातो. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये भारताने 29 पदकं जिंकली, त्याचा अभिमान मला आहेच. बॅडमिंटनमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या नितेश कुमारचा पाय रेल्वे अपघातातच गेला होता. पण जिथे पदक नाही तिथे योजना नाही, शिबिर नाही, नोकरीसाठी ग्राह्य धरलं जाणारं प्रमाणपत्र नाही. पॅरालिंपिकमध्ये खेळ येण्यासाठी तो पुरेशा देशांत खेळला जावा लागतो, आणि तो खेळला जावा म्हणून देश पॅरालिंपिकची वाट बघत बसतात. यात कोणीतरी आधी पाऊल टाकावं लागतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा उपयोग मला इथे दिसतो. पाच-सहा देशांचे संघ मुंबईत येऊन खेळले, निकाल नोंदले गेले, की ‘मान्यता आहे का?’ या फायलीवरच्या शेऱ्याला उत्तर देता येतं. स्पर्धा कागदपत्रं तयार करते. हे फार रोमांचक नाही, पण आपल्याकडे कामं अशीच पुढे सरकतात.

दयेचा मुद्दा टाळून चालणार नाही. मला धास्ती आहे ती कार्यक्रमाची. कुबड्यांवरच्या मुलांना एक दिवस मैदानात आणायचं, हार घालायचे, निवेदकाने गहिवरून बोलायचं, नट-नट्यांनी चेंडूला पाय लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळं गुंडाळायचं. असं होणार असेल तर स्पर्धा न झालेली बरी. इस्तंबूलचे चाळीस हजार लोक हार घालायला आले नव्हते. ते आपला संघ जिंकावा म्हणून घसा फोडत होते. खेळाडूला हेच हवं असतं: चुकीच्या पासवर शिव्या, चांगल्या गोलवर आरडाओरडा, आणि सोमवारच्या पेपरात खेळाच्या पानावर स्कोअर. ‘जिद्दीची कहाणी’ या पुरवणीतल्या चौकटीत नको. मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं. सांगलीकडचा, 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान. त्यांना पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. आपण कहाणी सांगायला उशीर केला एवढंच यात वाईट नाही. मधल्या छेचाळीस वर्षांत त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी तलाव, प्रशिक्षक, स्पर्धा उभ्या केल्या नाहीत, हे जास्त वाईट.

मैदानांचं म्हणाल तर मुंबईत जागा नाही ही सबब इथे फार चालणार नाही. साठ बाय चाळीसचं मैदान लागतं. पूर्ण आकाराच्या फुटबॉल मैदानावर अशी दोन मैदानं आडवी बसतात. कूपरेजवर बसतील, वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर बसतील, रेल्वेच्या स्वतःच्या मैदानांवर तर कोणाला विचारायलाही नको. कूपरेजचा आणखी एक फायदा: चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन्ही शेवटची स्टेशनं, तिथे गाडीतून उतरल्यावर पूल चढावा लागत नाही. कुबड्यांवर येणाऱ्याला याची किंमत कळते. चढतानाच्या स्टेशनावर लिफ्ट चालू असेल का, हा प्रश्न उरतोच, आणि महिनाभर खेळाडू आठवड्यातून तीनदा त्या लिफ्टपाशी उभे राहू लागले तर कदाचित ती चालूही राहील.

मँचेस्टर सिटी आणि एव्हर्टनसारख्या इंग्लिश क्लबांच्या नावाने ॲम्प्युटी संघ खेळतात, पोलंडमध्ये लेगिया वॉर्साचा आहे. मुंबईतल्या व्यावसायिक क्लबनेही असा संघ ठेवावा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिव्यांग कल्याणासाठी राखलेला निधी असतो, त्यातून कुबड्यांच्या जोड्या आणि प्रशिक्षकांचं मानधन निघू शकतं. आणि महिलांचा संघ पहिल्या दिवसापासून हवा. महिलांचा पहिला विश्वचषक 2024 साली कोलंबियात बारांकिया इथे झाला. लेडीज डब्याच्या दारातही बायका लटकतातच.

संघ निवडीसाठी मोठ्या समितीची गरज नाही. भायखळ्याचं आणि मुंबई सेंट्रलचं, अशी दोन रुग्णालयं रेल्वेची स्वतःची आहेत. पॉइंट्समन, गँगमन, शंटिंगवाले, रेल्वेचीच माणसं कामावर पाय गमावतात. त्यांतले तरुण आधी घ्यावेत. बाकीच्यांसाठी सायन, केईएम, राजावाडी, कळव्याच्या रुग्णालयांत पत्र पाठवावं आणि लोहमार्ग पोलिसांकडच्या नोंदी उघडाव्यात, जखमींच्या त्याच रकान्यातल्या. मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक सीएसएमटीला बसतात, पश्चिम रेल्वेचे चर्चगेटला. दोघांमधलं अंतर टॅक्सीने दहा मिनिटांचं. दोघांनी एकेक संघ काढला तर पहिला सामना ठरतो. बदली खेळाडू धरून पंचवीस माणसं, दोन प्रशिक्षक, एक फिजिओ, आणि परळच्या मैदानावर पाऊस संपल्यानंतरचा एक रविवार. ऑक्टोबरमध्ये जमिनीतली ओल जाते, कुबडी रुतत नाही. तोवर क्रीडा कोट्याच्या पुढच्या जाहिरातीत खेळांच्या यादीत हे एक नाव घालून घेता येईल.